पितळ ठेवा, रबर बदला

पुण्यात नाना पेठेत टू-व्हीलर स्पेअर्सच्या दुकानात जाऊन "आरएक्सचं कार्बोरेटर किट द्या" म्हटलं, की काउंटरवर एक प्लॅस्टिकची पुडी येते. आरएक्स म्हणजे यामाहाची जुनी आरएक्स १०० मोटारसायकल, आणि कार्बोरेटर म्हणजे तिच्या इंजिनाला हवा आणि पेट्रोल मिसळून देणारा भाग. पुडीत मेन जेट आणि पायलट जेट (पेट्रोल मोजून सोडणारे बारीक भोकाचे पितळी तुकडे), नीडल, फ्लोटची सुई आणि तिची सीट, एअर स्क्रू, दोन स्प्रिंगा, एखादी ओरिंग आणि बाऊलचं, म्हणजे पेट्रोल साठणाऱ्या वाटीचं, पॅकिंग. सगळं नवंकोरं, पिवळंधमक. जुनी गाडी नुकतीच घरी आणलेला माणूस ती पुडी घेऊन खुशीत निघतो. कार्बोरेटर खोलायचा, आतलं जुनं काळवंडलेलं सगळं काढून टाकायचं, पुडीतलं नवं बसवायचं, झालं काम.

माझं म्हणणं बरोबर उलट आहे. पुडीतलं रबर आणि पॅकिंग वापरा, तेसुद्धा तपासून. पितळ, म्हणजे जेट आणि नीडल, मात्र कार्बोरेटरमध्ये आधीपासून असलेलंच ठेवा. ते बाद झालंय हे मोजून कळल्याशिवाय त्याच्या जागी नवं घालू नका.

एस्कॉर्ट्सने यामाहा आरएक्स १०० आणली १९८५ साली आणि ती १९९६ पर्यंत बनत राहिली. म्हणजे त्यातली सगळ्यात तरुण गाडीसुद्धा आता तिशीची आहे. तिच्या मिकुनी व्हीएम २० कार्बोरेटरमध्ये जे जेट आणि जी नीडल होती, ती त्या ९८ सीसीच्या इंजिनासाठी, त्या सायलेन्सरसाठी आणि त्या एअर फिल्टरसाठी कारखान्यात चाचण्या घेऊन ठरवलेली होती. गाडीचे चार मालक झाले असतील, गॅरेजं बदलली असतील, रंगही दोनदा झाला असेल. पण ते पितळ जर आत टिकून असेल, तर ती कंपनीची मूळ नोंद आहे. जेटमधून वर्षानुवर्षं पेट्रोल गेल्याने जेट झिजतो हा समज मला बहुतेक वेळा खोटाच ठरलेला दिसतो. जेट तुंबतो. गाडी महिनोन् महिने उभी राहिली की पेट्रोल उडून जातं आणि मागे चिकट पिवळा थर राहतो, तो भोकात बसतो. तो थर विरघळवता येतो. जेट रात्रभर कार्बोरेटर क्लीनरमध्ये बुडवून ठेवा, सकाळी हवा मारा, उजेडाकडे धरून भोक पूर्ण गोल दिसतंय का बघा. तिशी उलटलेला जेट पहिल्या दिवसासारखा काम करतो.

त्याचा खरा शत्रू क्लच वायरचा तुटका धागा. बऱ्याच गॅरेजांत टेबलाच्या खणात तो असतोच. जेट तुंबला की तो भोकातून मागे-पुढे फिरवायचा. धागा पोलादाचा आणि जेट पितळेचा, त्यामुळे पितळच हरणार. मेन जेटचं भोक १ मिलीमीटरचं असेल आणि ते घासून १.०५ झालं, तर फरक डोळ्याला दिसत नाही, पण क्षेत्रफळ दहा टक्क्यांनी वाढतं, कारण ते व्यासाच्या वर्गाने वाढतं. दहा टक्के म्हणजे दोन-तीन नंबर मोठा जेट घातल्यासारखं. आत थर घट्ट बसला असेल तर इलेक्ट्रिकच्या केबलमधली तांब्याची एक बारीक तार चालते, तांबं पितळेपेक्षा मऊ असतं. दात कोरायच्या नायलॉन ब्रशचा एक केसही पुरतो.

आता कुठला भाग कधी राज्य करतो ते माहीत असल्याशिवाय बदलायचं काय हे ठरत नाही, म्हणून थोडक्यात. अॅक्सिलरेटर बंद ते एक अष्टमांश उघडेपर्यंत पायलट जेट आणि एअर स्क्रू. त्यापुढे पाव उघडेपर्यंत अ‍ॅक्सिलरेटरबरोबर वर-खाली होणाऱ्या स्लाइडच्या खालच्या कडेला घेतलेला तिरका छेद, म्हणजे कटअवे. पाव ते पाऊण हा सगळा मोठा पट्टा स्लाइडला लटकणारी नीडल आणि ती ज्यात वर-खाली होते त्या नीडल जेटचा. त्यापुढे मेन जेट. हद्दी इतक्या काटेकोर नसतात, एकमेकींत मिसळतात. पण शहरात गाडी चालवणारा माणूस आपला बहुतेक वेळ पाव ते निम्म्या अॅक्सिलरेटरवर काढतो, आणि तरीही अॅव्हरेज पडलं की सगळे आधी मेन जेटलाच हात घालतात. हे मला कळत नाही. मेन जेट त्या वेळी निर्णायक नसतोच.

एका आरएक्सची गोष्ट सांगतो. गाडी साताऱ्याहून आली. मालक तरुण, गाडी त्याच्या काकांची. तक्रार अशी की गाडी चालू होते, स्लो धरते, वरच्या स्पीडला पळतेही मस्त. पण मध्ये, साधारण चाळीसच्या आसपास, गुदमरते. सायलेन्सरमधून तेल ठिबकतं, प्लग काळाकुट्ट. आधीच्या गॅरेजमध्ये किट टाकलं तेव्हापासून हे सुरू झालं. मी विचारलं, "जुने पार्ट कुठं आहेत?" तो म्हणाला, "दादा, मिस्त्रींनी पुडीत घालून परत दिलेत, डिकीत आहेत." त्या न पाहिलेल्या मिस्त्रींना मी मनातल्या मनात नमस्कार केला. काम कसंही झालं असो, जुने पार्ट परत देणारा मिस्त्री भला माणूस.

टेबलावर पांढरा कागद पसरला आणि जुनी नीडल व नवी नीडल शेजारी-शेजारी ठेवल्या. लांबी सारखी. वरच्या पाच खाचा सारख्या. जुनीवर बारीक अक्षरात कोड कोरलेला, नवीवर काहीच नाही. दोन्ही नीडली मायक्रोमीटरखाली धरून वरून खाली दर पाच मिलीमीटरवर माप घेतलं. वरचा सरळ भाग जवळपास सारखा. पण जुनी नीडल जिथून निमुळती व्हायला लागत होती, त्याच्या बरंच आधी नवी निमुळती व्हायला सुरुवात करत होती. म्हणजे अॅक्सिलरेटर थोडा उघडला की नीडल आणि जेट यांच्यामधली फट मूळ गाडीपेक्षा फार लवकर मोठी व्हायची आणि पेट्रोल लोटलं जायचं. शेवटच्या टोकाला मेन जेट आवर घालत असल्याने वरच्या स्पीडला गाडी पळायची. स्लो पायलटवर अवलंबून, तेही ठीक. बिघाड नेमका मधल्या पट्ट्यात. जुनी नीडल साफ करून, क्लिप मधल्या खाचेत घालून परत बसवली. गाडी त्याच संध्याकाळी साताऱ्याला गेली.

नवी नीडल जागेवर आत गेली होती, अडकत नव्हती, हलत नव्हती. खाचा जुळल्या, लांबी जुळली, म्हणून ती बसली. इंजिनाशी तिचं जमत नव्हतं. कार्बोरेटरच्या कामात मला सगळ्यात जास्त धास्ती याच पार्टची वाटते, कारण न बसणारा पार्ट लगेच कळतो आणि परत करता येतो.

नीडल जेटचा प्रकार याहून घातक. मिकुनीच्या नीडल जेटच्या अंगावर हवेची भोकं असतात आणि त्यांचे दोन मुख्य प्रकार आहेत. एकात लांबीभर भोकांची रांग असते, तो बहुतेक फोर-स्ट्रोक गाड्यांत वापरतात. दुसऱ्यात हवा एका ठिकाणाहून येते आणि वरच्या टोकाला एअर फिल्टरच्या बाजूने एक अर्धगोल कडा उभी असते, तो टू-स्ट्रोकचा. काही आकारांत दोन्ही एकाच बॉडीत आरामात बसतात. टू-स्ट्रोकमध्ये चुकून फोर-स्ट्रोकचा गेला तर तुम्ही जन्मभर जेटांचे नंबर बदलत बसाल आणि गाडी काही लागणार नाही. बसवतानाही लक्ष हवं: नीडल जेटच्या अंगावर खाच असते, ती बॉडीतल्या पिनेवर नीट बसली पाहिजे, नाहीतर ती अर्धगोल कडा भलतीकडे तोंड करते.

आता वर जो नियम ठासून सांगितला त्याला अपवाद, आणि अपवाद हाच नीडल जेट. हे एक पितळ खरोखर झिजतं. स्लाइडबरोबर नीडल सतत वर-खाली होते, शिवाय आत शिरणारी हवा तिला इंजिनाच्या बाजूला ढकलत राहते, त्यामुळे जेटचं भोक एका अंगाने खाल्लं जातं आणि हळूहळू लंबगोल होतं. नीडलवरही त्याच उंचीला एक चकचकीत पट्टा दिसतो. त्या पट्ट्यावरून नख फिरवा. पायरी लागली तर जोडी बदलायची वेळ झाली. नीडल नवी आणि जेट जुना, किंवा उलट, असं करण्यात अर्थ नाही.

किती झीज म्हणजे जास्त? मिकुनीच्या मोजणीत नीडल जेटच्या कोडचं अक्षर पुढे गेलं की व्यास ०.०५ मिलीमीटरने वाढतो आणि अक्षरामागचा आकडा एकने वाढला की ०.००५ ने. पी-० म्हणजे २.६५० मिलीमीटर, पी-४ म्हणजे २.६७०. समजा जेट पी-० आहे आणि त्यातल्या नीडलचा सरळ भाग २.५१ मिलीमीटर जाडीचा आहे. दोघांमधली कड्यासारखी फट भरते सुमारे ०.५७ चौरस मिलीमीटर. आता तोच जेट ०.०२ मिलीमीटर झिजला. माणसाच्या केसाच्या जाडीचा तिसरा हिस्साही नाही. फट होते ०.६५. जवळजवळ पंधरा टक्के जास्त पेट्रोल, तेही ज्या पट्ट्यात आपण सगळ्यात जास्त गाडी चालवतो तिथे. अमल या ब्रिटिश कंपनीच्या कार्बोरेटरमध्ये हेच इंचाच्या हजाराव्या भागात मोजतात: नीडल जेटवरचा १०६ म्हणजे ०.१०६ इंच, आणि १०६ वरून १०७ वर गेलं की फरक गाडीवर बसून कळतो.

इतकं बारीक भोक व्हर्निअरने मोजता येत नाही, व्हर्निअरचे जबडे तिथे जातच नाहीत. त्यासाठी पिन गेज लागतात: ठरलेल्या मापाच्या पोलादी पिना, एकेक करून भोकात घालून बघायच्या. घरी कोण ठेवणार? पण पिंपरी-चिंचवडला, नाशिकला सातपूर-अंबडला, कोल्हापूरला उद्यमनगरात टूलरूमना तोटा नाही. ओळखीच्या टूलरूममध्ये दुपारच्या चहाच्या वेळी जेट घेऊन गेलं तर कुणी नाही म्हणत नाही. दोन मिनिटांचं काम असतं. महाराष्ट्रात राहून जुन्या गाड्यांचं काम करणाऱ्यांना ही सोय हाताशी आहे आणि आपण ती पुरेशी वापरत नाही असं मला फार वाटतं.

जेटवर कोरलेल्या आकड्यांबद्दलही बोललं पाहिजे. अमलच्या मेन जेटवरचा आकडा म्हणजे ठरलेल्या परिस्थितीत एका मिनिटात त्यातून किती घनसेंटिमीटर पेट्रोल जातं ते. डेल'ऑर्टो आणि बिंग या कार्बोरेटर कंपन्या भोकाचा व्यास मिलीमीटरच्या शंभराव्या भागात लिहितात. डेल'ऑर्टोच्या परवान्यावर आपल्याकडे बनलेल्या स्पाको कार्बोरेटरचंही तेच. मिकुनीच्या षटकोनी डोक्याच्या आणि गोल डोक्याच्या जेटांवरचे आकडेही एका मापाचे नसतात. म्हणजे एकाचा १०० आणि दुसऱ्याचा १०० यांचा परस्परांशी संबंध नाही. आणि डुप्लिकेट जेटवर तर आकडा नुसता उमटवलेला असतो, तो कशाच्या आधारावर हे विचारायची सोयही नाही.

म्हणून नवा जेट घ्यावाच लागला तर मी तो जुन्याशी ताडून बघतो. एक रुंद तोंडाचा डबा, बुडाला नळी, नळीच्या टोकाला जेट घट्ट बसेल अशी जोडणी. डब्यात रॉकेल एका खुणेपर्यंत भरायचं, जेटमधून खाली मोजपात्रात पडू द्यायचं आणि शंभर मिलीलीटर भरायला किती वेळ लागतो ते बघायचं. डबा रुंद हवा, म्हणजे तेवढ्यात पातळी फारशी उतरत नाही. मग दुसरा जेट. दोन्ही वेळा रॉकेल तेच, खूण तीच, जोडणी तीच. खरा आकडा यातून मिळत नाही, पण "सारखा आहे की नाही" याचं उत्तर मिळतं, आणि आपल्याला तेवढंच हवं असतं.

फ्लोटकडे येतो. पेट्रोल टाकीतून उताराने खाली येतं, फ्लोट वर उचलला गेला की सुई सीटवर बसते आणि पेट्रोल थांबतं. बाऊलमधली पातळी किती हवी हे त्या सुईच्या लांबीवर आणि फ्लोटच्या जिभेच्या वाकावर ठरतं. किटमधली सुई जुनीपेक्षा अर्धा मिलीमीटर लांब असेल तर फ्लोट लवकर बंद करणार, पातळी खाली, मिश्रण सगळ्याच पट्ट्यांत पातळ. आखूड असेल तर उलट, आणि गाडी स्टँडवर लावली की खाली पेट्रोलचं थारोळं. त्यामुळे सुई बदलली की फ्लोटची उंची पुन्हा मोजायचीच, सोडायची नाही. बाऊलच्या ड्रेनला पारदर्शक नळी जोडून ती बॉडीला लावून उभी धरली, तर आतली पातळी बाहेर दिसते. जोडणीची सोय असेल तिथे ही पद्धत पट्टीने मोजण्यापेक्षा कितीतरी खरी.

कोल्हापुरात एका वयस्कर मिस्त्रींकडे मी फ्लोटचं काम बघत बसायचो. सुई-सीट साफ करून बसवली की ते बाऊल न लावताच कार्बोरेटर उलटा धरायचे, म्हणजे फ्लोट आपल्या वजनाने सुईवर टेकतो, आणि पेट्रोलच्या नळीच्या तोंडाला नवी रबरी नळी लावून हलकेच फुंकर घालायचे. हवा अजिबात जाता कामा नये. मग बोटाने फ्लोट किंचित उचलायचा, लगेच हवा सुटली पाहिजे. पुन्हा सोडायचा, पुन्हा बंद. चेहऱ्यावर काही दिसायचं नाही, फक्त गाल फुगलेले. हवा जरा जरी निसटली तरी म्हणायचे, "हे रातीत टाकी रिकामी करतंय बघ," आणि सीट पुन्हा उघडायची. जुनी पूर्ण धातूची सुई असेल तर ती फेकायच्या आधी सीटवर अगदी हलकं पॉलिश करून बघायची. रबराच्या टोकाची असेल आणि टोकाला कडं उमटलं असेल, तर मात्र ते दुसरा विचार न करता बदलायचे.

पितळी फ्लोट जावा आणि जुन्या इतर गाड्यांत दिसतो. म्हैसूरच्या आयडियल जावाने इथे बनवलेल्या गाड्यांवर चेक बनावटीचे यिकोव्ह कार्बोरेटर असायचे. पितळी फ्लोट चिरला की आत पेट्रोल शिरतं आणि तो बुडतो. कानाशी धरून हलवला की खळखळ ऐकू येते. कुठून गळतोय ते शोधायला गरम पाण्यात बुडवा, आतली हवा फुगून चिरेतून बुडबुडे येतात. पुढची गोष्ट जिवाची आहे म्हणून ठळक सांगतो: आत पेट्रोल असताना डाग द्यायला जाऊ नका. बारीक भोक पाडून सगळं बाहेर काढा, गरम पाण्यात पुन्हा पुन्हा बुडवून वाफसुद्धा जाऊ द्या, दोन दिवस उन्हात ठेवा, मगच कथील. आणि कथील कमीत कमी, कारण प्रत्येक थेंबाने फ्लोट जड होतो आणि पातळी चढते. जावाला तेल पेट्रोलमध्येच मिसळलेलं असतं, हेही ध्यानात असू द्या. मिश्रण पातळ झालं की इंजिनाला पेट्रोलबरोबर तेलही कमी पडतं. किटमधल्या चुकीच्या सुईची किंमत तिथे थेट पिस्टनने भरावी लागते.

रबराबद्दल माझं मन अजिबात हळवं नाही. सगळं काढा. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि जुन्या गाड्यांमधलं रबर त्यासाठी बनलेलंच नव्हतं. ते फुगतं, मऊ पडतं, नाहीतर कडक होऊन तडकतं. जुन्या पेट्रोल कॉकमधला बुचाचा वायसरही असाच त्रास देतो. नवी ओरिंग घेताना व्हायटॉनची, म्हणजे पेट्रोलला टिकणाऱ्या रबराची, मागा. दुकानदार हो म्हणेल. तरी एक ओरिंग जास्त घ्या आणि पंपावरच्या पेट्रोलच्या बाटलीत दोन-तीन दिवस टाकून ठेवा. नंतर कोरड्या ओरिंगशेजारी ठेवून बघा. साधी असेल तर तिचा घेर वाढलेला उघड दिसतो, खाचेत परत बसतही नाही. या चाचणीला खर्च काहीच नाही आणि पावसाळ्यात रस्त्यात अडकण्यापासून वाचवते.

इथेनॉलची दुसरी खोड पाणी शोषून घ्यायची. कोकणात, गोव्यात, मुंबईत जून ते सप्टेंबर गाडी नुसती उभी राहिली की बाऊलच्या तळाशी पांढरी पूड जमलेली सापडते. ती बॉडीच्या जस्त-मिश्रणाची झीज. तीच पूड पायलटच्या बारीक वाटेत जाऊन बसते. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर कॉक बंद करून बाऊल रिकामा करा, एवढं एक केलं तरी निम्मी किटं विकत घ्यावी लागणार नाहीत.

आणि तिसरी गोष्ट, जी मूळ जेट जपणाऱ्या माझ्यासारख्यालाही मान्य करावी लागते. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला जळायला वजनाने साधारण १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला ९. वीस टक्के मिसळलं की हा आकडा साडेतेराच्या आसपास येतो. म्हणजे त्याच जेटमधून तेवढंच इंधन गेलं तर इंजिनाच्या दृष्टीने मिश्रण सात-आठ टक्के पातळ झालेलं असतं. १९८५ साली ठरवलेले आकडे त्या काळच्या पेट्रोलसाठी होते. त्यामुळे मूळ पितळ बसवून, प्लगचा रंग बघून, नीडलची क्लिप एक खाच खाली घेणं किंवा मेन जेट एक नंबर वर नेणं हे आज योग्यच आहे. फक्त आधी मूळ पायावर या आणि मग तिथून एक पाऊल टाका. किटमधल्या अनोळखी जेटवरून सुरुवात केली तर आपण कुठून कुठे चाललोय तेच कळत नाही.

स्लाइड आणि बॉडी हा वेगळाच कठीण प्रश्न. स्लाइड वर्षानुवर्षं बॉडीत घासते आणि दोन्ही झिजतात. अॅक्सिलरेटर थोडा उघडून मागून बोट घालून स्लाइड हलवली की टकटक वाजते. तिथून फुकटची हवा शिरते आणि स्लो कधीच स्थिर होत नाही. नवी स्लाइड विकत घेतली तरी लंबगोल झालेली बॉडी गोल होत नाही, त्यामुळे खर्च करून निम्माच उपाय होतो. खराद्याकडे बॉडी बोअर करून जाड स्लाइड बनवून घेणारे हात आहेत, पण कटअवेचा छेद मूळ मापाचाच काढून घ्या, नाहीतर पाव अॅक्सिलरेटरला गाडी कायम अडखळेल. ब्रिटिश गाड्यांवाले इथे नशीबवान. अमलचे कार्बोरेटर आणि सुटे भाग इंग्लंडमध्ये बर्लन ही कंपनी अजून मूळ आराखड्याप्रमाणे बनवते, कठीण लेप दिलेली अॅल्युमिनियमची स्लाइडसुद्धा मिळते, आणि ती बॉडीलाही कमी खाते. बॉडी फारच गेली असेल तर तिथे मी जुनं जपण्याचा हट्ट धरत नाही. पैसे साठवून नवा अमल घ्यावा.

अमलच्या बॉडीचा आणखी एक दोष असा की इंजिनाला लागणारी फ्लँज दोन बोल्टांनी जास्त आवळली की केळ्यासारखी वाकते. मग मधे फट, त्यातून हवा. लोक पॅकिंगवर पॅकिंग चढवतात आणि अजून आवळतात, ती अजून वाकते. जाड सपाट काच, तिच्यावर बारीक पॉलिश पेपर, थोडं तेल, आणि फ्लँज इंग्रजी आठच्या आकड्यात सावकाश फिरवायची. आधी दोन्ही कानांच्या कडा चमकतात, मधला भाग काळाच राहतो. काळा डाग आक्रसत जातो, आणि सगळीकडे एकसारखी चमक आली की थांबायचं. त्यानंतर बोल्ट आवळताना मनगटाचा जोर, खांद्याचा नाही.

हत्यारांचं एकच सांगतो. जपानी कार्बोरेटरच्या बाऊलचे स्क्रू साध्या फिलिप्सचे नसतात, जपानी मापाचे असतात. डोक्यावर एक बारीक ठिपका असला तर ओळखा. फिलिप्स लावला की तो वर निसटतो आणि डोकं गोल होतं. जपानी मापाचा एक स्क्रू ड्रायव्हर घ्या. जेटसाठी सपाट स्क्रू ड्रायव्हर ग्राइंडरवर घासून जेटच्या खाचेच्या रुंदीचा करून ठेवा. फाटक्या खाचेचे जेट मी इतके बघितलेत की त्यांच्यासाठी वेगळी डबी ठेवावी लागते.

कार्बोरेटर खोलला की पहिलं काम वहीत लिहायचं: बॉडीवरचा नंबर, मेन, पायलट, नीडलचा कोड, क्लिप वरून कितव्या खाचेत, नीडल जेटचा कोड, स्लाइडवरचा कटअवे, फ्लोटची उंची, एअर स्क्रू किती फेरे उघडा होता. काही साफ करण्याआधी, तेलकट हातानेच. आणि गॅरेजमध्ये गाडी देत असाल तर देतानाच सांगा की जुने पार्ट परत हवेत. साताऱ्याच्या त्या पोराकडे डिकीत पुडी नसती तर मूळ नीडलचं माप मला कुठूनही मिळालं नसतं.

सध्या टेबलावर एका जुन्या मद्रासी बुलेटचा अमल मोनोब्लॉक कार्बोरेटर आहे. फ्लँज सपाट झाली. मेन जेट आणि पायलट मूळचेच, साफ होऊन रॉकेलच्या चाचणीत ठीक निघाले. नीडल जेटवर १०६ वाचता येतं, पण पिन गेजवर तो १०७ च्याही पुढे गेलाय, तेही एकाच बाजूने. नवा नीडल जेट आणि नीडल मागवलीय. आले की दोन्ही आधी टूलरूममध्ये जातील, माप बरोबर निघालं तरच बॉडीत बसतील, आणि जुनी जोडी चिठ्ठी लावून मालकाच्या हातात.